ब्राउनश्वाइगचा खुर्दा



या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला म्हणजे श्रोते काय अपेक्षा करतात हे मला ठाऊक आहे. बोनस, महागाई भत्ता, संप आणि शेवटी एखादी घोषणा. यांपैकी कशावरही मी बोलणार नाही, असे चिटणीसांना कळविले तेव्हा त्यांना बहुधा हायसे वाटले असावे. पण विषयाचे नाव कळविले तेव्हा त्यांनी ते दोनदा विचारून घेतले. जर्मनीतील एका लहानशा संस्थानाची चारशे वर्षांपूर्वीची चांदीची बारीक नाणी! मी नाणेसंग्राहक नाही, जर्मन भाषा मला येत नाही, आणि माझे शिक्षण शाळेच्या अर्ध्या वाटेवरच थांबले. जे वाचले ते वाचनालयात, इंग्रजीतून, शब्दकोश शेजारी ठेवून. तरीही हा विषय मला माझा वाटतो. का, ते बोलता बोलता कळेल.

संस्थानाचे नाव ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेल. उच्चारायला अवघड आहे, म्हणून पुढे मी नुसते वोल्फेनब्युटेल म्हणेन. त्या काळी जर्मनी असा एक देश नव्हता. पवित्र रोमन साम्राज्य या भारदस्त नावाखाली शेकडो संस्थाने, बिशपांच्या जहागिऱ्या आणि स्वतंत्र शहरे नांदत होती. वर सम्राट होता. पण ज्याच्या त्याच्या घरात जो तो राजा. वोल्फेनब्युटेलचे ड्यूक उत्तर जर्मनीत ओकर नदीच्या काठी राज्य करीत आणि त्यांच्या मुलखाच्या दक्षिणेला हार्त्स नावाचा डोंगर होता. या डोंगराच्या पोटात चांदी होती. गोस्लार शहराजवळच्या रामेल्सबेर्ग टेकडीत शेकडो वर्षे खाणी चालू होत्या. १५५२ साली ड्यूक धाकटा हाइन्रिश याने गोस्लार शहराला नमवून त्या खाणी आपल्या ताब्यात घेतल्या. वरच्या हार्त्समध्ये त्सेलरफेल्ड, विल्डेमान अशी खाणकामगारांची गावे वसली होती.

येथे थोडे थांबून एक तारीख सांगतो, कारण माझ्या धंद्यातल्या माणसाला ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. २८ डिसेंबर १२६०. या तारखेचा हिल्डेसहाइमच्या बिशपचा एक दस्तऐवज आहे. रामेल्सबेर्गवर राबून आजारी आणि दुबळ्या झालेल्या माणसांना मदत करणाऱ्या कामगारांच्या एका बंधुसंघाला बिशपने त्यात आपला आश्रय दिला आहे. आमच्या संघटनांचा इतिहास लिहिणारे गिरणीच्या भोंग्यापासून सुरुवात करतात. त्यांनी या कागदाकडे एकदा पाहावे. अशा बंधुसंघांची एक पेटी असे आणि खाणकामगार आपल्या मजुरीतून तीत फेनिग टाकीत. त्या नाण्याला पेटीचा फेनिग असेच नाव पडले होते. हा फेनिग आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता नाण्यांचा हिशेब. कंटाळवाणा आहे, पण चोरी कोठे झाली हे कळायचे तर कुलपाची रचना आधी पाहावी लागते.

सर्वांत मोठे नाणे टालर. १५६६ साली साम्राज्याने त्याचे प्रमाण पक्के केले. एका टालरचे वजन सुमारे २९ ग्रॅम आणि त्यात चोख चांदी सुमारे २६ ग्रॅम. म्हणजे आपल्या जुन्या तोळ्याच्या मापाने अडीच तोळ्यांचे नाणे. खालचे चलन प्रत्येक प्रांतात वेगळे. वोल्फेनब्युटेलच्या बाजूला मारियेनग्रोशेन चाले. गोस्लार शहराने १५०५ साली ते प्रथम पाडले. त्यावर बालकासह मेरीमातेचे चित्र असे, म्हणून हे नाव. छत्तीस मारियेनग्रोशेनचा एक टालर आणि आठ फेनिगचा एक मारियेनग्रोशेन. म्हणजे टालरचे फेनिग झाले २८८.

त्या समाजात टालर कोणाच्या हाती असे? व्यापाऱ्याच्या, सरदाराच्या, सावकाराच्या. खाणकामगाराची आठवड्याची मजुरी ग्रोशेनमध्ये मोजली जाई. भाकरी, बीअर, मेणबत्ती, मीठ हा सारा व्यवहार ग्रोशेन-फेनिगांचा. आपल्याकडे याला फार चांगला शब्द आहे : खुर्दा. देश एकच, ठसा एकाच ड्यूकचा, पण चलने दोन होती. एक मोठ्यांचे आणि एक खुर्दा वापरणाऱ्यांचे. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा.

वस्तुसंग्रहालयांत आणि लिलावाच्या याद्यांत तुम्हांला वोल्फेनब्युटेलचे टालरच भेटतील, आणि ते पाहण्यासारखेच आहेत. १५६८ ते १५८९ पर्यंत राज्य करणाऱ्या ड्यूक युलिउसने १५७४ पासून ताटलीएवढी प्रचंड नाणी पाडली. एकेक नाणे कित्येक टालर किमतीचे. सधन प्रजाजनांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे ती विकत घ्यावीत, जपून ठेवावीत आणि मागितल्यावर दाखवावीत, असा हुकूम. सक्तीची बचतच म्हणा. संकटात तिजोरी प्रजेच्या घरी तयार. त्याचा मुलगा हाइन्रिश युलिउस (१५८९ ते १६१३) याची तऱ्हा निराळी. त्याचे आपल्या सरदारांशी भांडण होते आणि तो रागावला की टालर पाडी! १५९५ चा बंडखोरांचा टालर, मग खोटारड्यांचा टालर, मग सत्याचा टालर, १५९९ चा माश्यांचा टालर. या शेवटच्या टालरवर ड्यूकचा सिंह आहे आणि त्याला सतावणाऱ्या माश्या आहेत. सरदारांची निंदानालस्ती इतक्या सुबक चांदीत कोणी केली नसेल. संग्राहक या टालरांवर जीव टाकतात.

खुर्द्यावर मात्र असले काही नसे. लहानशी चकती, पुसट ठसा. संग्रहालयातल्या काचेच्या पेटीत ती कोपऱ्यात असतात. या इतिहासातले खरे नाट्य त्या कोपऱ्यात घडले, असे माझे म्हणणे आहे.

छत्तीस मारियेनग्रोशेनमध्ये मिळून एका टालरइतकी चांदी असावी असे धरले, तर एका ग्रोशेनला पाऊण ग्रॅमहून थोडी कमी चांदी येते आणि एका फेनिगला ग्रॅमचा अकरावा भाग. एवढ्याशा चोख चांदीचे नाणे पाडले तर ते बोटांतून निसटून जाईल, दोन दिवसांत झिजेल. म्हणून खुर्द्यात तांबे मिसळावेच लागते. ते कायदेशीर होते आणि सर्वांना माहीत होते. पण चोराला वाट मिळाली ती येथेच. टालरमध्ये हीण वाढविले तर रंग, वजन, नाद सगळे बोलू लागते. खुर्द्यात तांबे मुळातच आहे. ते निम्मे आहे की तीनचतुर्थांश, हे रोज भाकरी विकत घेणाऱ्या बाईने कसे ओळखावे? सराफाकडे ताजवा असतो आणि कसाचा दगड असतो. पण एका ग्रोशेनसाठी सराफाकडे कोण जातो?

दुसरी गोष्ट मजुरीची. नाणे त्या काळी बहुतेक ठिकाणी हातोड्याने पडत असे. चांदीची लगड ओतायची, ठोकून पट्टी करायची, चकत्या कापायच्या, तापवायच्या, उजळायच्या आणि मग ठशावर ठेवून घाव घालायचा. एका टालरला एक चकती आणि एक नाणे. तेवढ्याच चांदीचे ग्रोशेन पाडायचे तर छत्तीस चकत्या, फेनिग पाडायचे तर २८८. कोळसा आणि कारागिरांची मजुरी त्या मानाने वाढते. साम्राज्याच्या कायद्याने मात्र खुर्द्यातही जवळजवळ तितकीच चांदी मागितली होती. म्हणजे जो टांकसाळ्या कायदा पाळील त्याला खुर्दा पाडण्यात तोटा! परिणाम सरळ होता. प्रामाणिक टांकसाळी खुर्दा पाडीनाशा झाल्या. पण बाजाराला मोड तर हवीच. ती मोड पुरविण्याचे काम अप्रामाणिकांकडे गेले. कायदा करणाऱ्या पंडितांनी कामाच्या मजुरीचा हिशेब धरला नाही, आणि सगळा कायदा त्या एका भोकातून गळून गेला. हे वाचताना मला थोडे हसू आले, हे कबूल करतो. मजुरीचा हिशेब न धरता बांधलेल्या योजना मी अनेक पाहिल्या आहेत.

१५७० साली श्पायर येथील राजसभेने आणखी एक नियम केला. साम्राज्याच्या प्रत्येक मंडलात तीनचारच अधिकृत टांकसाळी असाव्यात; ज्यांच्या स्वतःच्या खाणी आहेत त्यांना मात्र मोकळीक. वोल्फेनब्युटेलला हार्त्स होता, म्हणजे मोकळीकही होती. देखरेखीचे नियमही होते, पण ते जोवर पाळणारे होते तोवर.

आता १६१३ मध्ये या. हाइन्रिश युलिउस प्राग येथे सम्राटाच्या दरबारी असताना वारला. सुंदर टालर मागे ठेवले आणि कर्जाचा डोंगरही. गादीवर मुलगा फ्रीडरिश उलरिश आला. तो दुबळा आणि मद्यासक्त. १६१६ मध्ये त्याची आई एलिझाबेथ हिने, आपला भाऊ डेन्मार्कचा राजा चौथा क्रिस्तियान याच्या पाठिंब्याने, कारभार मुलाच्या हातून काढून घेतला आणि सरदारांच्या एका मंडळाकडे सोपविला. त्या मंडळाचा म्होरक्या आंतोन फोन डेर श्ट्राइटहोर्स्ट. तिजोरी रिकामी आणि १६१८ साली बोहेमियात युद्धाची ठिणगी पडलेली. प्रत्येक संस्थानिक सैन्य उभारू लागला. सैनिकांना पगार हवा आणि पगाराला नाणी हवीत.

मग टांकसाळी वाढू लागल्या. पूर्वी हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या, त्या थोड्याच वर्षांत डझनांनी मोजाव्या लागल्या. जुन्या मठांत, सरकारी वाड्यांत, खेड्यापाड्यांत भट्ट्या पेटल्या. टांकसाळ मक्त्याने द्यायची पद्धत होती. मक्तेदार ड्यूकच्या सरकारला ठरलेली रक्कम देई आणि मग आत काय शिजते ते सरकार पाहत नसे. वोल्फेनब्युटेल एकटे नव्हते. शेजारीपाजारी सगळीकडे हेच चालले होते. प्रागमध्ये तर १६२२ च्या जानेवारीत लिश्टेनश्टाइन, वालेनश्टाइन असे मातबर भागीदार असलेल्या एका मंडळीने बोहेमियाची टांकसाळच एका वर्षाच्या मक्त्याने घेतली. पण डझनांनी टांकसाळी उघडण्यात वोल्फेनब्युटेलची बरोबरी करणारी संस्थाने थोडीच होती.

या धंद्याला लोकांनी नाव दिले : किपर आणि विपर. विपर हा शब्द ताजव्याच्या वरखाली झुलण्यावरून आला. किपर हा तागडी कलती करून, निवडून, कातरून घेणारा. हे लोक गावोगाव हिंडत. जुनी चांगली नाणी वजनाने पारखून घेत, वर थोडी जास्त किंमत देऊन. किंमत अर्थातच नव्या नाण्यांत. शेतकऱ्याला वाटे, तीन जुन्यांचे पाच नवे मिळाले, चांगला सौदा झाला. जुनी नाणी वितळून त्यांत तांबे घातले जाई आणि त्यांचीच दुप्पट, तिप्पट, पुढे तर त्याहून किती तरी अधिक नवी नाणी होत.

हे नवे नाणे दिसायला कसे होते? पांढरे शुभ्र! यातली हिकमत आपल्या घरच्या गृहिणींना लगेच कळेल. तांब्या चिंचेने घासला की उजळतो. टांकसाळीत चकत्या मिठात आणि दारूच्या पिंपात साचणाऱ्या आंबट क्षारात उकळीत. त्याने पृष्ठभागावरचे तांबे विरघळून जाई आणि वर चांदीचा पातळ थर उरे. ही रीत जुनी आणि चांगल्या खुर्द्यालाही लागू होती. पण चांदी कमी कमी होत गेली तसा तो थर म्हणजे केवळ कल्हई उरली. नाणे चार आठवडे हातांतून फिरले की लाल पडे. शेवटी शेवटी ढोंगही सोडून देण्यात आले. १६२० आणि १६२१ मध्ये वोल्फेनब्युटेलच्या मुलखात निव्वळ तांब्याची 'फ्लिटर' नावाची चकती चालविली गेली. फ्लिटर म्हणजे टिकली! सरकारने आपल्या नाण्याला दिलेले यापेक्षा प्रामाणिक नाव माझ्या वाचनात नाही.

तांबे इतके लागू लागले की त्याचाही दुष्काळ पडला. गुस्टाव फ्रायटाग या एकोणिसाव्या शतकातील लेखकाने जर्मन लोकजीवनाची जी चित्रे लिहिली त्यांत या दिवसांचे मोठे जिवंत वर्णन आहे. घरातल्या कढया आणि हंडे, छपराची पन्हाळी, सगळे भट्टीत गेले. चर्चमधली जुनी तांब्याची स्नानपात्रेही सुटली नाहीत. चांदीचीही हीच गत. फ्रीडरिश उलरिशचा धाकटा भाऊ क्रिस्तियान हा प्रॉटेस्टंटांच्या बाजूने लढणारा सेनापती. १६२२ च्या आरंभी त्याने पाडेरबोर्नच्या कॅथेड्रलचा खजिना लुटला आणि संत लिबोरिउसची चांदीची पेटी वितळवून टालर पाडले. आपण देवाचे मित्र आणि पाद्र्यांचे शत्रू असल्याचे त्याने त्या नाण्यांवर कोरून ठेवले आहे. पण पाहा, ते टालरच होते. भाडोत्री सैनिकाला लाल पडणारे नाणे देऊन भागत नाही. त्याच्या हातात भाला असतो.

या साऱ्या धुमाळीत टालरचे वजन आणि कस बदलले नाहीत. हार्त्सच्या चांदीचे पुऱ्या वजनाचे टालर त्याही वर्षांत पडत होते. मोठ्यांच्या चलनाला धक्का नाही. वितळले ते खुर्द्याचे चलन. म्हणून टालरची खुर्द्यातली किंमत चढत गेली. दक्षिणेकडे आउग्सबुर्गला १५६६ च्या कायद्याप्रमाणे टालरला ६८ क्रॉयत्सर पडत. १६२२ च्या सुरुवातीला तोच टालर ६०० क्रॉयत्सरच्या घरात गेला. टालर महाग झाला असे लोक म्हणत. टालर होता तिथेच होता.

आता मजुराकडे पाहा. त्याच्या मजुरीचा आकडा कोणी कमी केला नाही. आठवड्याला जितके ग्रोशेन ठरले होते तितके त्याच्या हातावर पडत. कदाचित दोन जास्तच. तक्रार कशाची करणार? आणि कोणाकडे? मालक म्हणणार, ठरल्याप्रमाणे दिले. सरकार म्हणणार, ठसा आमचाच आहे. आणि हार्त्समध्ये तर ही माणसे स्वतः जमिनीखाली उतरून चांदी वर काढीत होती. ती चांदी टालर होऊन एका वाटेने जात होती आणि मजुरी तांबे होऊन दुसऱ्या वाटेने येत होती.

मला येथे माझी एक आठवण सांगू द्या. मी चळवळीत नवा होतो तेव्हा एका कारखान्यात कंत्राटी कामगारांना पगार रोखीने मिळे. कंत्राटदार वरची रक्कम कापून दहाच्या पटीत पैसे देई. सुटे नाहीत, पुढच्या महिन्यात बघू, असे सांगे. कोणाचे दोन रुपये, कोणाचे सात, कोणाचे नऊ. एवढ्यासाठी कोण भांडतो? भांडणाऱ्याकडे बाकीचेच कामगार चमत्कारिक नजरेने पाहत. मी एका रात्री वहीत हिशेब मांडला. माणसे तीनशे, सरासरी साडेचार रुपये धरले तरी महिन्याला साडेतेराशे रुपये. त्या दिवसांत एका माणसाचा पगार त्याहून कमी होता! म्हणजे दर महिन्याला एका पुऱ्या माणसाची मजुरी कंत्राटदार 'सुटे नाहीत' या दोन शब्दांवर घरी नेत होता. वोल्फेनब्युटेलची गोष्ट मी पुढे बऱ्याच वर्षांनी वाचली, तेव्हा ती पहिल्यांदा वाचतो आहे असे वाटले नाही.

असो. सुरुवातीला मात्र सगळेच खूश होते, ही या प्रकरणातली फार शिकण्यासारखी गोष्ट आहे. हातात नाणी खुळखुळत होती. कर्जदारांनी जुनी कर्जे नव्या नाण्यांत फेडून टाकली. दारूच्या गुत्त्यांत गर्दी झाली. धंदा चालला, मक्तेदारांनी वाडे बांधले. पहिले रडू आले ते ठरीव रकमेवर जगणाऱ्यांना : पाद्री, शाळामास्तर, व्याजावर दिवस काढणाऱ्या विधवा, विद्यार्थी. शाळामास्तरांनी शाळा सोडून दुसरा धंदा धरला. त्यांच्या पाठोपाठ मजूर. मग शेतकरी बाजारात धान्य आणीनासे झाले, कारण लाल नाण्यांचे ते काय करणार? खाटीक आणि भटारी नवी नाणी नाकारू लागले. आणि मग सर्वांवर कडी झाली. ज्या सरकारांनी हा खुर्दा पाडला त्यांनीच कर भरताना तो घेण्याचे नाकारले. कर चांगल्या नाण्यात भरा म्हणाले. ठशावरचा आपलाच चेहरा त्यांना ओळखू येईना.

तेव्हा लोक रस्त्यावर आले. शेजारच्या माग्डेबुर्ग शहरात १६२२ च्या फेब्रुवारीत दंगल उसळली, सराफांची घरे फोडली गेली, सोळा माणसे मेली आणि दोनशेच्या आसपास जखमी झाली. छापखान्यांतून चोपड्या आणि चित्रपत्रके निघाली. एका पत्रकात लाव्यांच्या ओरडण्यातच किपर-विपर असे ऐकू येते अशी कल्पना केली होती. पाद्र्यांनी प्रवचने झोडली. हालचा आंद्रेआस लांपे याने १६२१ मध्ये किपर-विपर ही सैतानाची शेवटची पिलावळ आहे असे नावातच सांगणारे पुस्तक छापले.

पण राग गेला कोणाकडे? पत्रकांतली चित्रे पाहिली तर तागडी हातात धरलेला सराफ दिसतो आणि पुष्कळ वेळा तो ज्यू दाखविलेला असतो. गावोगाव हिंडून नाणी गोळा करणाऱ्यांत ज्यू होते, तसे ख्रिस्तीही होते. सोनार, व्यापारी, सरकारी अधिकारीही होते. परंतु टांकसाळ उघडण्याचा हक्क एकट्या राजसत्तेचा. मक्ता देणारी तीच, त्याचे पैसे घेणारी तीच, ठसा तिचाच. श्ट्राइटहोर्स्टच्या मंडळात बसले होते ते थोर कुळांतले ख्रिस्ती सरदार. त्यांच्यापर्यंत दगड पोहोचत नाही, म्हणून तो कोपऱ्यावरच्या तागडीवाल्याच्या खिडकीवर पडला. इतिहास लिहिणाऱ्यांनीही बराच काळ तोच दगड उचलला. संपाच्या वेळी संतापलेली माणसे गेटावरच्या रखवालदाराच्या अंगावर धावून जातात, मालकाची मोटार मागच्या दाराने जाते. मी दोन्ही दृश्ये पाहिली आहेत.

१६२२ मध्ये फ्रीडरिश उलरिशने मामाच्या मदतीने श्ट्राइटहोर्स्टचा कारभार उलथून टाकला आणि सत्ता परत घेतली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी सर्व साम्राज्यात चलन पूर्वपदावर आणण्यात आले. दक्षिणेत टालर ९० क्रॉयत्सरवर ठरला. इकडे टालर पुन्हा छत्तीस मारियेनग्रोशेनचा झाला. नव्या टांकसाळी बंद झाल्या, भट्ट्या थंड पडल्या. शाळेच्या पुस्तकात हे प्रकरण येथे संपते : चलन सुधारले.

ते सुधारले कसे, हे पाहण्याजोगे आहे. हिणकस नाणी आता त्यांच्यात खरी जितकी चांदी होती तितक्याच किमतीला घेतली जातील, असे जाहीर झाले. म्हणजे काल ज्या नाण्याचा एक ग्रोशेन होता त्याचे आज एकदोन फेनिग. बट्टा कोणाला बसला? ज्याच्या घरात ती नाणी त्या दिवशी होती त्याला. व्यापाऱ्याने ती केव्हाच टालर किंवा माल करून ठेवली होती; मक्तेदाराने जमीन घेतली होती. लाल नाणी उरली होती मजुराच्या पेटाऱ्यात. त्याला आधी भाव चढल्याने लुटले, मग नाणे उतरल्याने.

पुढे कित्येक वर्षे न्यायालयांत खटले चालले. १६२१ साली शंभर टालरांचे म्हणून जे कर्ज लाल नाण्यांत घेतले ते आता पांढऱ्या नाण्यांत किती फेडायचे? कोणत्या महिन्यात घेतलेल्या कर्जाला कोणता दर लावायचा? पंडितांनी यावर ग्रंथ लिहिले, सरकारांनी कोष्टके काढली. कर्ज देणारा आणि घेणारा, दोघांनाही थोडाफार न्याय मिळावा असा तो प्रयत्न होता आणि तो चांगलाच होता. त्यासाठी हातात एक कागद मात्र लागे : रोखा, करारनामा, गहाणखत. १६२१ च्या एखाद्या शनिवारी हातावर पडलेल्या आठवड्याच्या मजुरीला कागद नव्हता. तिची भाकरी आणून खाऊन झाली होती आणि तिच्यातून वाचविलेला फेनिग बंधुसंघाच्या पेटीत, आजारी माणसांसाठी, पडला होता.